कपाटातलं भूत

४ जानेवारी, सोमवार

घशाच्या डॉक्टरांनी आज फर्मान काढलं. काम असेल तेव्हाच बोलायचं, ओरडायचं नाही, आणि कुजबुजायचं तर मुळीच नाही. कुजबुजल्यानेही घसा ओरडण्याइतकाच दमतो म्हणे. म्हणजे माझं निम्मं आयुष्य घसा दमवण्यात गेलं.

"मग मी गप्पा कुणाशी मारू?" मी विचारलं.

"वहीशी मारा," ते कागदावरून मान वर न करता म्हणाले.

घरी हे सांगितल्यावर नवऱ्याने आनंद लपवायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दुकानातून ही दैनंदिनी घेऊन आला. "घे, हिच्याशी बोल. ही उलट उत्तर देणार नाही." शाळेत भूगोल शिकवतो. दिवसभर नद्यांचे उगम सांगून आलेल्या माणसाला घरात शांतता मिळाली तर सोन्याहून पिवळं.

तर वही, ओळख करून देते. वय पंचेचाळीस, धंदा आवाजाचा. लिफ्टमध्ये "दार बंद होत आहे" असं गोड आवाजात सांगणारी बाई मीच. एकदा माझंच ऐकलं नाही आणि पदराचं टोक दारात अडकलं. कार्टूनमधली खार मी, कजाग महाराणी मी, खोकणारा ट्रॅक्टरही मीच. पण माझं नाव झालं ते मुलाच्या आवाजावर. आठ-नऊ वर्षांचा मुलगा. आमच्याकडे लहान पोरांची कामं बायाच करतात, कारण खरी पोरं माईकसमोर चुळबुळतात आणि ऐन रंगात आल्यावर शू लागली म्हणतात. बाकीचे सगळे आवाज मी घासून घासून घडवले. मुलगा मात्र कधी घडवावा लागला नाही. तोंड उघडलं की तो हजर.

गेले दोन महिने नेमका तोच रुसलाय. वरच्या पट्टीत गेला की फाटतो. डॉक्टर म्हणतात, स्वरतंतू जाड होताहेत, वयाचा भाग आहे, बायकांचा आवाज या वयात जरा खाली उतरतो.

"उतरू दे की. भारदस्त वाटेल," ते म्हणाले.

यांचं काय जातंय!

७ जानेवारी, गुरुवार

एका मुलीचा फोन आला. वय सव्वीस, पण बोलते अशी की तिची बस सुटायला आलीय. सिनेमा काढलाय, स्वतःच लिहिलाय, मैत्रिणींना घेऊन सुट्टीच्या दिवशी शूटिंग करून पूर्णही केलाय. भुताचा आहे. आता फक्त भूत हवंय.

"मॅडम, लहानपणी मी कार्टूनमधला तुमचा दीपगृहातला मुलगा बघायचे. रोज. मला तोच हवा."

गोष्ट अशी: एका बाईचा धाकटा भाऊ लहानपणी घरातल्या घरातच नाहीसा झालेला. बाई मोठी होऊन ते घर रिकामं करायला येते, आणि नळातून, भिंतीमागून, जिन्याखालून त्याची हाक येऊ लागते. भाऊ पडद्यावर एकदाही दिसत नाही. "भूत दाखवायचं तर खर्च येतो मॅडम. ऐकवायला तुम्ही आहात."

मी होकार देऊन टाकला. घशाचं सांगितलं नाही. चार-सहा पानांचं काम, तेवढं निघेल.

नवऱ्याने रात्री वर्तमानपत्राआडून विचारलं, "विषय चालेल तुला हा?"

न चालायला काय झालं? टुण्याला हरवून एक जन्म लोटला. (टुण्या माझा धाकटा भाऊ. एका जागी ठरायचा नाही, सारखा टुणटुण उड्या, म्हणून टुण्या. नऊ वर्षांचा होता. एका रविवारी दुपारी चेंडू घेऊन खाली गेला आणि वर आलाच नाही. चेंडूही मिळाला नाही. मी तेव्हा तेरा वर्षांची. पोलिसांपासून नव्या शेजाऱ्यांपर्यंत हे इतक्यांना सांगून झालंय की आता पाढ्यासारखं येतं.) काम ते काम. ट्रॅक्टरचा आवाज दिला तेव्हा मला ट्रॅक्टरचं दुःख कुठे झालं होतं?

आईला मात्र सिनेमा विनोदी आहे असं सांगितलंय. ती आमच्याकडेच असते, वय शहात्तर. उगाच तिच्या जिवाला घोर नको.

१२ जानेवारी, मंगळवार

स्टुडिओ म्हणजे कपाट निघालं! अतिशयोक्ती नाही. मुलीच्या आत्याच्या घरात बेडरूमला लागून एक माणूस उभा राहील एवढी कपड्यांची खोली आहे. तिथे कोटांच्या रांगेत माईक टांगलेला, आणि त्या माईकसमोर आत्याच्या दोन गाऊनच्या मधोमध मी. लोकरीने आवाज घुमत नाही, म्हणून ही जागा एकदम उत्तम, असं रेकॉर्डिस्टने मला पटवलं. हा एक लांबोडका तरुण. स्वतः सुरात शिट्टीसुद्धा वाजवू शकत नाही, पण तिसऱ्या मजल्यावर कुणी चमचा पाडला तरी ऐकतो. त्याला सगळे कानसेन म्हणतात.

कानसेन आल्या आल्या स्वयंपाकघरात गेला, फ्रिज बंद केला आणि स्वतःच्या घराच्या किल्ल्या फ्रिजमध्ये ठेवल्या. मी बघतच राहिले.

"फ्रिजची घरघर माईकमध्ये येते मॅडम, म्हणून बंद करायचा. आणि काम झाल्यावर चालू करायचं राहतं. मागे एकांचं आठवड्याचं दूध नासलं. आता किल्ल्या आत असतात, त्यामुळे फ्रिज उघडल्याशिवाय मी घरी जाऊच शकत नाही."

धंद्यातली अक्कल ही अशी, नुकसान झाल्यावर येते.

आज फक्त नळातल्या हाका होत्या. "ताई... ताई..." चार निघाल्या, पाचवी फाटली. मुलगी कपाटाच्या दाराला तोंड लावून म्हणाली, "मावशी, फाटलेलीच ठेवू या का? नळातून येतेय, गंज लागला असेल." तासाभरात मी मॅडमची मावशी झाले होते. पोरगी चलाख आहे.

१३ जानेवारी

मौन. नवरा तीन वेळा विचारून गेला, "काही म्हणालीस का?" चेष्टेत. चौथ्यांदा उशी फेकली.

१५ जानेवारी, शुक्रवार

आईचं काय करावं कळत नाही. दुपारी तीनला त्या दीपगृहाच्या कार्टूनचे जुने भाग लागतात, ते तिचं रोजचं झालंय. आधी मला कौतुक वाटायचं. लेकीचं काम बघते म्हणून नवऱ्याकडे मिरवायचेसुद्धा. पण आज शेजारी बसून पाहिलं, तर ही डोळे मिटून बसलेली! चित्र बघतच नाही.

"आई, झोपलीस का?"

"गप. ऐकू दे."

ऐकायचंच असेल तर रेडिओ लाव की बाई. बरं, पुढच्या कार्यक्रमात माझी महाराणी असते. त्या राणीसाठी मी जीव ओतलाय, बक्षीस मिळालंय मला तिचं. ती तोंड उघडते न उघडते तोच आईने टीव्ही बंद केला.

"ही कोण भवानी?" म्हणाली.

"मी!"

"असशील," असं म्हणून उठली आणि गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालायला गेली.

नवऱ्याला म्हटलं, आईचं जरा विस्मरण सुरू झालंय बहुतेक. तो उठून वह्या तपासायला बसला. खरं तर नको तिथे बोलणारा माणूस.

१९ जानेवारी, मंगळवार

आज जिन्याखालचा प्रसंग. भाऊ अंधारात बसलाय आणि बहिणीची विनवणी करतोय, असं. कपाटात दिवा लावला की तो गुणगुणतो, म्हणून मीही अंधारातच. हातात छोटी बॅटरी, तिच्या उजेडात कागद. स्क्रिप्टमध्ये वाक्य होतं, "ताई, मी इथे आहे." मी म्हटलं, "तायडे, मी इथंच आहे ना."

बाहेर सगळं सामसूम. मला वाटलं, पुन्हा फाटला आवाज. दार किलकिलं करून पाहिलं, तर मुलगी जमिनीवर मांडी घालून बसलेली, दोन्ही हात गालांवर.

"मावशी, हे कागदावर नव्हतं."

"सॉरी गं. पुन्हा घेऊ."

"पुन्हा नको! हेच राहणार."

कानसेनने हेडफोन काढून ठेवला, उठून पाणी प्यायला, परत येऊन बसला. मग मला विचारतो, "मॅडम, हा कोण आहे?"

"कोण म्हणजे?"

"नाही, म्हणजे तुमची खार ऐकली, राणी ऐकली. तिथे मला तुम्ही ऐकू येता. थोड्या तरी. यात तुम्ही नाहीच."

"वीस वर्षांची मेहनत आहे बाळा," मी म्हटलं. पण ते खरं नाही, मेहनत राणीवर केली होती.

टुण्या मला तायडे म्हणायचा, हे आहे. पण धाकटी भावंडं म्हणतातच तसं. दहा घरांत विचारा, सहा घरांत तायडे निघेल. यात विशेष काही नाही.

घरी आल्यावर उगाचच सगळी कपाटं आवरायला काढली. नवऱ्याचे कागद, हिवाळ्याचे कपडे, माळ्यावरच्या बॅगासुद्धा. जेवायची वेळ टळून गेली तेव्हा नवरा आला आणि म्हणाला, "उरलेली कपाटं शेजाऱ्यांकडची आहेत. तीही आणू का?"

२२ जानेवारी, शुक्रवार

डॉक्टरांनी घशात नळी घालून पडद्यावर माझे स्वरतंतू दाखवले. दोन पांढुरक्या पट्ट्या, उघडझाप करणाऱ्या. एवढ्याशा त्या, आणि त्यांच्यावर माझं घर चाललंय.

"वरचा आवाज आता विसरा," ते म्हणाले. "बळजबरी केलीत तर खालचाही जाईल."

"एकच प्रसंग राहिलाय डॉक्टर. शेवटचा. एकदाच लागेल."

"बाई, लोक मला सिगारेटबद्दल हेच सांगतात."

शेवटच्या प्रसंगात भाऊ दाराआडून तीनदा हाक मारतो आणि बहीण दार लावून घेते. बस. तीन हाका. सिनेमा महिनाअखेर एका महोत्सवाला पाठवायचाय. तीन हाकांसाठी त्या पोरीचं दोन वर्षांचं काम अडून राहिलंय. मला फक्त तिची काळजी वाटते, बाकी काही नाही.

२५ जानेवारी, सोमवार

वाईट दिवस.

सकाळी न्हाणीघरात गरम पाणी सोडून वाफेत उभी राहिले, मध चाटला, घशाला मफलर गुंडाळला, सगळे उपाय झाले. कपाटात गेले, तोंड उघडलं आणि घोगरा फुसकारा निघाला. दुसऱ्यांदा तोच. सातव्या-आठव्या वेळेला तर नुसती हवा.

कानसेन म्हणाला, मशीनवर करून बघू. माझं साधं बोलणं घेतलं, वर चढवलं. निघाली खार. मुलगी हसली, मीही हसले. मग त्याने आणखी काही खटपट केली आणि खरोखर एका लहान मुलासारखा आवाज आला. स्वच्छ, गोड. मुलगी म्हणाली, "हा चालेल की मावशी! ऐका ना."

मी म्हटलं, "हा तो नाही."

"जवळपास आहे पण."

"जवळपास काय! हा तो नाही. हा कुणीतरी भलताच आहे."

मी ओरडले. ओरडायची सक्त मनाई असताना, एका पोरीवर, परक्या घरात, कोट घातलेल्या भिंतींच्या मध्ये. कानसेनने मशीन बंद केलं. मग मुलगी अगदी हळू म्हणाली, "मावशी, तो म्हणजे कोण?"

"पात्र गं. तुझं पात्र," मी म्हटलं आणि पर्स उचलून निघाले. लिफ्टमध्ये मी मलाच गोड आवाजात सांगितलं की दार बंद होत आहे. ते रेकॉर्डिंग दहा वर्षांपूर्वीचं. काय आवाज होता माझा.

२६ जानेवारी

मौन. मनापासून.

२७ जानेवारी, बुधवार

आजही मौन होतं, त्यामुळे जे झालं त्यात मी एक शब्द बोलले नाही. नवऱ्याने शाळेतून एक पाटी आणून दिलीय, तिच्यावर लिहून दाखवायचं. आई टेबलापाशी वाटाणे सोलत होती. मी समोर बसून शेंगा तिच्याकडे सरकवत होते.

"तुझा सिनेमा विनोदी नाही ना?" ती म्हणाली.

माझा हात थांबला.

"जावयांना विचारलं मी. तुला खोटं बोलता येत नाही आणि त्यांना तर त्याहून नाही. नद्यांचंच सांगायला लागले." एक शेंग फोडली. "हरवलेल्या भावाचा आहे."

मी मान हलवली.

"भाऊ तू."

मान हलवली.

"आणि घशाने पाठ फिरवलीय." तिने वाटाणे भांड्यात टाकले. "म्हणजे तो आता बोलणार नाही."

मी पाटीवर लिहिलं: कोण?

लहानपणी मी डाव्या पायाची चप्पल उजव्या पायात घालून निघाले की आई जशी बघायची, तशी तिने माझ्याकडे पाहिलं.

"कोण काय? टुण्या."

नंतर ती जे बोलली ते जसंच्या तसं लिहून ठेवते. तो गेला त्या वर्षी बाबा जेवायचे नाहीत. ताटावर बसायचे, घास चिवडायचे आणि उठायचे. एका दुपारी मी म्हणे दाराआड उभी राहून बोलले, "बाबा, तुमच्या ताटातलं मी खाऊ?" त्याच्या आवाजात.

"अगदी तोच," आई म्हणाली. "माझ्या हातून भांडं पडलं. तुला आता फटकावणार, एवढ्यात यांनी माझा हात धरला. म्हणाले, राहू दे, थांबवू नकोस तिला. आणि दाराकडे बघत म्हणाले, नाही, माझं मीच खाणार. आणि जेवले. पुढे रोजचंच झालं ते. तू दाराआड, हे ताटावर. नंतर तू तो आवाज घेऊन शाळेच्या नाटकात गेलीस, मग पुढे टीव्हीत गेलीस. आम्ही कधी विषय काढला नाही. म्हटलं, काढला तर तुला कळेल आणि तो थांबेल."

मला यातलं एक अक्षर आठवत नाही. ते दार आठवतं. त्याला मागून एक खिळा होता, दप्तर अडकवायला. बाबांचं ताट आठवतं. मी आठवत नाही. मी पाटी पुसली. मग पुसलेली पाटी पुन्हा पुसली.

आई आपली शेंगा सोलतेय.

"त्यात तोंड पाडून बसण्यासारखं काय आहे? पोरांचा आवाज फुटतोच. याचा जरा उशिरा फुटला, एवढंच. तू फुटू दिला नाहीस." मग पुढची शेंग उचलत म्हणाली, "चाळिशी ओलांडली असती त्याने आता. आणि आपण त्याला अजून नऊ वर्षांचाच करून ठेवलाय. दीपगृहात. कंटाळला असेल बिचारा."

मला हसू आलं आणि हसता हसता डोळे वाहायला लागले. आईने वाटाण्याच्या हातानेच माझं तोंड पुसलं. मी पंचेचाळीस वर्षांची आहे, गालावर वाटाण्याची साल चिकटवून बसले होते.

"मला घेऊन चल त्या कपाटात," ती म्हणाली.

२८ जानेवारी, गुरुवार

मुलीला फोन केला. आधी माफी मागितली. ती म्हणाली, "जाऊ द्या हो, माझी आई रोज ओरडते, घसा शाबूत असून." मग मी मनातलं सांगितलं: शेवटच्या हाकेत भाऊ लहान नको. तोही वाढला. जिथे असेल तिथे, बहिणीच्या बरोबरीने. दाराआडून हाक येते ती मोठ्या माणसाची.

पलीकडून कागद चाळल्याचा आवाज आला.

"मावशी, भुतं वाढतात का?"

"परक्यांची वाढत नसतील. घरातली वाढतात."

"पण प्रेक्षक घाबरायला हवेत ना?" असं स्वतःलाच विचारून स्वतःच म्हणाली, "रडले तरी तिकीट तेवढंच. या उद्या."

डॉक्टरांनाही विचारलं. खालच्या आवाजात बोलायला हरकत नाही म्हणाले, जोर न लावता. "उतरू दे असं मी म्हणालोच होतो," वर हेही ऐकवलं.

२९ जानेवारी, शुक्रवार

आज सगळं सविस्तर लिहायचंय.

आईने ठेवणीतली साडी नेसली. म्हटलं, आई, कपाटात जायचंय. म्हणाली, कपाटातलीच आहे. आत्याच्या घरी पोचल्यावर तिने कानसेनला आपादमस्तक न्याहाळलं, "जेवत नाहीस का रे?" असं विचारलं, आणि त्याच्याच खुर्चीत जाऊन बसली. त्याने बिचाऱ्याने निमूटपणे हेडफोन तिच्या कानांवर चढवला. स्वतः स्टूल घेऊन शेजारी.

मी आत. कोट, अंधार, बॅटरी. वाक्य मुलीने आणि मी मिळून केलं होतं, छोटंसं. मी खालच्या पट्टीत म्हटलं, "तायडे, मी आहे गं. मोठा झालो."

दाराबाहेरून आईचा आवाज: "ही तर तू. सर्दी झालेली."

पुन्हा. "आता तुझा मामा झाला. तो नको, तो उधार मागायचा."

मुलगी खुदखुदली. पुन्हा घेतलं, आवाज आणखी जाड केला. आई म्हणाली, "एवढा छाती काढून का बोलतोय? पोलीस आहे का? अगं, घरी आलाय तो. दमलाय. चपला काढता काढता बोलेल."

वीस वर्षांत मला कुणी इतकी सरळ सूचना दिली नव्हती. मी कपाटात खाली वाकले. खरोखर एक चप्पल काढली, भिंतीला हात टेकून, दुसरी पायाने ढकलली. आणि तसंच वाकल्या वाकल्या, श्वास सोडताना, बोलले.

"तायडे... मी आहे गं. मोठा झालो."

मी तशीच वाकून उभी. आत्याच्या कोटाला नॅप्थलीनच्या गोळ्यांचा वास येत होता. मला त्या क्षणी भीती वाटली, खरी, भुताच्या सिनेमातली. कारण तो आवाज मी घडवला नव्हता.

मग आई म्हणाली, "हां." आणि थोड्या वेळाने, "असाच झाला असता."

मुलीने ते वाक्य चित्रावर बसवून आम्हाला दाखवलं. नटीचा चेहरा, दाराकडे बघणारा. शूटिंगच्या वेळी मुलीने तिला सांगितलं होतं की तुला भयंकर भीती वाटतेय, आणि आधी मी पाहिलं तेव्हा ती मला घाबरलेलीच दिसली होती. आज चेहरा तोच, शॉट तोच. पण आता ती बाई घाबरलेली नव्हतीच. स्टेशनवर गर्दीत कुणीतरी ओळखीचं दिसावं तशी दिसत होती. पुढे ती दार लावून घेते, ते मुलीने तिथल्या तिथे कापून टाकलं. सिनेमा आता त्या चेहऱ्यावरच संपतो. कानसेन भिंतीकडे तोंड करून वायरी गुंडाळत होता. एकच वायर दोनदा गुंडाळली त्याने.

परतताना टॅक्सी केली. आई दमली होती, पण मजेत होती. बराच वेळ बाहेरची दुकानं बघत होती. मग माझ्याकडे न वळताच म्हणाली, "त्याला विचार ना, लग्न केलंस का."

टॅक्सीवाल्याचे डोळे आरशात दिसत होते.

"आई, घरी गेल्यावर."

"घरी जावई असतील. आत्ता विचार."

विचारायचं कुणी कुणाला? मी थोडी पुढे वाकले आणि सरळ उत्तरच दिलं. खालून, दमलेलं. "केलं की."

आई खिडकीकडेच बघत होती, पण तिची पाठ ताठ झाली.

"कशी आहे?"

"बरी आहे. तापट आहे जरा."

"तुला तशीच हवी होती. मुलंबाळं?"

"एक मुलगी. एका जागी बसत नाही."

"भोग आता," आई म्हणाली आणि इतकी हसली की डोळ्यांना पदर लावावा लागला. मीही हसले, त्याच आवाजात. मला वाटलं, आता ती तो एक प्रश्न विचारणार. मला उत्तर माहीत नव्हतं. पण तिने तो विचारला नाही. माझ्या खांद्यावर डोकं टेकलं आणि म्हणाली, "आवाज बाबांवर गेलाय."

"हो," मी म्हटलं. त्यानेच म्हटलं.

त्यानंतर आई डोळे मिटून पडली. आता बोलायची काही गरज नव्हती, आजचा बोलायचा वाटा केव्हाच संपला होता. पण चौक आला. सिग्नल सुटत होता आणि टॅक्सीवाल्याला पत्ता नीट ठाऊक नव्हता.

"कुठून घ्यायची?" त्याने रस्त्यावरची नजर न काढता विचारलं.

"सरळ घ्या," मी म्हटलं. "पुढे आमच्या घराजवळ शाळेचं फाटक लागेल, तिथे थांबवा."

"बरं, साहेब."

मी त्याला दुरुस्त केलं नाही.